पिवळा टाका आणि थिजलेला पडदा

आई, आज तुझ्या मशीनची नाही, माझ्या मशीनची गोष्ट सांगायची आहे, आणि आधीच सांगून टाकते की तिच्यात शेवटी मी जिंकले. तुला गोष्टीचा शेवट आधी लागायचा. शेजारीण गावातल्या कुणाच्या भानगडीचं सांगायला बसली की तू सुईत दोरा ओवता ओवता म्हणायचीस, "आदी सांग, मेला कोन? मंग बाकीचं आयकते." तर कुणी मेलं नाही. एक कॉम्प्युटर तेवढा मरायला टेकला होता. तो मी उठवला, आणि तुझ्या छोट्या कात्रीनं उठवला. आता निवांत ऐक.

तू गेलीस तेव्हा कॉम्प्युटर ही चीज आपण फक्त बँकेत काचेपलीकडे पाहिली होती. आता माझं पोटच त्याच्यावर आहे. विरारला फुलपाड्यात आमचं घर आहे, आणि हॉलमधल्या खिडकीपाशी, तू असतीस तर शिलाई मशीन जिथे ठेवलं असतंस बरोबर त्या जागी, माझं टेबल आहे. लोक लग्नात, साखरपुड्यात, बाप्तिस्म्यात कॅमेरे लावून ढीगभर चित्रण करतात. ते माझ्याकडे येतं, मी त्यातलं नको ते कापते, हवं ते जोडते आणि त्याची बघण्यासारखी फिल्म करते. म्हणजे तुझंच काम. कापड दुसऱ्याचं, बेतणं आणि शिवणं आपलं. फक्त एक गोष्ट तुझ्याकडे नव्हती. सगळे तुकडे जोडून झाले की शेवटी कॉम्प्युटरला सांगावं लागतं, बाबा, आता या सगळ्याची एकजीव फाइल कर. त्याला आम्ही रेंडर लावणं म्हणतो. तेव्हा माणसाने नुसतं बसायचं आणि मशीनने घाम गाळायचा. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते, ती पूर्ण भरली की फिल्म तयार. आणि ऐन कामाच्या वेळी माझी पट्टी भरेनाशी झाली.

काम कुणाचं होतं ते सांगते, म्हणजे मी एवढी का पेटले ते तुला कळेल. वसईच्या पश्चिमेला केळीच्या वाड्यांमधल्या एका गावात एक म्हातारं ख्रिस्ती जोडपं राहतं. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. मुलाने ठरवलं की रविवारी संध्याकाळी चर्चमधली मिस्सा झाली की अंगणात मांडव घालायचा, गावाला जेवण द्यायचं आणि मोठ्या पडद्यावर आईबाबांची फिल्म दाखवायची. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या स्टुडिओंसाठी फिल्मा जोडल्या, हे माझं स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम. चित्रणही मीच करायला गेले. मावशींनी, म्हणजे त्या म्हाताऱ्या बाईंनी, मला जुने फोटो दाखवले, नातवंडं दाखवली, झाडावरचे पपनस दाखवले, आणि मग म्हणाल्या, "बाय, माझा ड्रेस बघायचाय? अजून ठेवलाय हं मी." ट्रंकेतून त्यांनी मलमलीत गुंडाळलेला लग्नाचा पांढरा ड्रेस काढला. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला. मी कॅमेरा लावला, आणि मानेपाशी मला ते लेबल दिसलं. वसईच्या बाजारातलं ते दुकान. ज्याचं शिवण तू पिशवीतून घरी आणायचीस ते.

मी कॅमेरा आणखी जवळ नेला. मी मावशींना म्हटलं, घेर जरा उलटा करून दाखवा ना, शिवण बघते. त्यांनी घेराची आतली दुमड वर केली, आणि तिथे डाव्या शिवणीजवळ, पांढऱ्या सॅटिनवर, पिवळ्या धाग्याचे तीन टाके होते. बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे. तुझे. मी कॅमेऱ्यामागे होते म्हणून बरं, नाहीतर मावशी म्हणाल्या असत्या ही बाई परक्याचा ड्रेस बघून रडते काय. मी टाक्यांवर कॅमेरा तसाच धरून ठेवला. मला वाटलं बोलले तर तुझी चोरी पकडली जाईल.

कारण ती चोरीच होती ना आपल्या घरातली. नायगावच्या खाडीकाठचं ते आपलं एका खोलीचं घर, त्यातच चूल, त्यातच मशीन. वसईच्या ख्रिस्ती नवऱ्यामुलींचे पांढरे ड्रेस दुकानदार बेतायचा आणि शिवायला तुला द्यायचा. ड्रेस घरात आला की आमच्या पोटावर पाय. मासळी बंद! बोंबील नाही, कोळंबी नाही, वरण-भात आणि वर लोणचं. सॅटिनला वास लागला तर नवरी चर्चमध्ये कशी उभी राहणार, असं तू म्हणायचीस. जमिनीवर धुतलेली चादर अंथरलेली असायची आणि त्या चादरीला पाय लागला की पाठीत धपाटा. मी त्या अनोळखी नवऱ्यामुलींचा इतका द्वेष केला आहे की काय सांगू. शेवटच्या दिवशी, इस्त्रीच्या आधी, तू दाराला कडी लावायचीस आणि हळदीच्या रंगाचा धागा सुईत ओवायचीस. कोरं कापड अंगावर चढवायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावतात, तसंच सोडत नाहीत. आपल्याकडे फडक्यालाही लावतात. पांढऱ्या ड्रेसला हळद लावली तर दुकानदाराने तुझी हजामत केली असती. मग तू टाके घालायचीस, आत, कुणाला दिसणार नाहीत असे. "पोरगी कोरी कशी जाईल गो?" म्हणायचीस. "देव त्यांचा येगला, पन हळद त हळद हाय." आणि मला तंबी, बाहेर बोललीस तर जीभ कापीन. तुझी एक कायमची कुरकुर असायची, की दुकानात तिघी-चौघी शिवणाऱ्या असताना मालक सगळे पांढरे ड्रेस तुझ्याच गळ्यात का मारतो. ही कुरकुर लक्षात ठेव, तिचं उत्तर मी आणलंय.

तर मी फिल्म जोडली. मावशींच्या हातांनी घेर हळूच उलटतो, आतली दुमड दिसते, पिवळे टाके दिसतात, आणि मग त्यांच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो येतो. शब्द नाहीत, काही नाही. डोळ्याचं पातं लवण्याएवढंच ते दृश्य, पण माझ्यासाठी सगळी फिल्म त्या खुंटीला टांगलेली. रेंडर लावला, कुकर चढवला, भाजी निवडली आणि येऊन बघते तो पडदा थिजलेला. माऊस हलत नाही, बटणं चालत नाहीत, घड्याळसुद्धा थांबलेलं. पट्टी अडकली होती ती बरोबर तुझ्या टाक्यांपाशी.

बंद करून परत चालू केलं, परत रेंडर लावला. परत हँग, परत तिथेच, किंवा थोडं अलीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं तर ड्रेस ओलांडून थोडं पुढे गेलं आणि मेलं. मी काय काय केलं म्हणून सांगू. ड्रेसचं चित्रण कॅमेऱ्यातून पुन्हा उतरवलं. सॉफ्टवेअर काढून परत घातलं. डिस्कवरचा जुना कचरा काढला, त्यात चुकून नणंदेच्या वास्तुशांतीचे फोटोही गेले, ते अजून तिला कळलेलं नाही. शेवटी विरारमधल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो भला माणूस आहे, पण दसऱ्यापासूनची गर्दी अजून ओसरली नव्हती, दुकान सोडून येईना. हल्ली यायला लागत नाही, इंटरनेटवरून त्याला माझा पडदा त्याच्या दुकानात दिसतो. त्याने तिथून सगळं तपासलं आणि म्हणाला, "ताई, मशीन एकदम फिट आहे. तुमची ती ड्रेसची क्लिप करप्ट आहे. तिथेच आसपास लटकतंय ना? मग उडवा ना ती, टेन्शन कशाला घेता?" त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

आणि मी मूर्खासारखं ते मावशींच्या मुलाला सांगितलं. तो आधीच घायकुतीला आला होता, मांडववाला, केटरर, पडदेवाला, सगळे त्याच्या डोक्यावर बसलेले. तो म्हणाला, "मॅडम, मग ड्रेसचा शॉट कट करा ना. कोणाला समजणार पण नाही." मी म्हटलं, मला समजेल. तो म्हणाला, "बघा हां मॅडम. उद्यापर्यंत नाही झालं तर मी सरळ फोटोंचा स्लाइड शो लावतो. आईबाबांसमोर माझी फजिती नको." बोलणं चुकीचं नव्हतं. पण मी फोन ठेवला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. तू घरातल्या घरात कडी लावून घातलेले टाके पन्नास वर्षं त्या ट्रंकेत टिकले, धुण्याला पुरले, डांबरगोळ्यांना पुरले, आणि मी, तुझी मुलगी, एका बटणानं ते उडवू? तेही माझंच मशीन दमतं म्हणून?

तेव्हा तू डोळ्यांपुढे आलीस, हाक मारल्यासारखी. मी सातवीत असेन. परकराची शिवण घालतेय आणि धागा सारखा तुटतोय, तुटतोय तोही एकाच जागी, जोडाशी. मी चिडून पायडल दाणदाण मारते. सुई कटकन मोडते आणि तिचं टोक माझ्या गालाला चाटून जातं. तू चुलीपुढून उठून येतेस. मला वाटतं आता जवळ घेशील. तू आधी मशीन बघतेस, मग माझा गाल. "मशीन का बैल हाय, पराणी टोचायला? डोला गेला असता मंजे?" मग नवी सुई लावतेस आणि माझ्या हातातलं कापड काढून दुसऱ्या टोकाकडून सुईखाली सरकवतेस. "आता इकरून घाल. त्याच जागी धागा तुटला त कापडाचा दोष, दुसरीकरं तुटला त मशीनचा. उगा कापडाला शिव्या नको घालू." मी घातली. धागा भलत्याच जागी तुटला. मशीन आडवं करून पाहिलं तर खाली, बॉबिनच्या दांड्याला, जुन्या धाग्याचं हे एवढं गुंडाळं बसलेलं. तू ते टोकदार छोट्या कात्रीनं कातरून काढलंस. हीच कात्री मी दहावी पास झाल्यावर तू मला बक्षीस दिलीस. मला मनगटी घड्याळ हवं होतं आणि तुझ्या हातातून निघाली कात्री. माझं तोंड बघून तू म्हणालीस, घड्याळ बंद पडतं, कात्री पडत नाही. मी तेव्हा दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नव्हते.

तर मी कापड उलटं घेतलं. फिल्मचे भाग मागचे पुढे केले. आधी नातवंडं, मग मुलांची लग्नं, आणि ड्रेस पार शेवटी नेऊन टाकला. कॉम्प्युटर थोडा वेळ बंद ठेवून गार होऊ दिला, रेंडर लावला, आणि सवयीप्रमाणे कुकर चढवून कांदा चिरायला घेतला. कुकरची वाफ जिरली, झाकण काढलं, हातात डाव तसाच धरून बाहेर आले. पडदा थिजला होता. नातीच्या पहिल्या कम्युनियनच्या फोटोवर! ड्रेसच्या कितीतरी आधी! आई, मी नाचले. खरंच नाचले, डाव हातात घेऊन. आपलं मशीन बंद पडलं म्हणून नाचणारी बाई सगळ्या विरारमध्ये दुसरी सापडायची नाही. दोष कापडाचा नव्हता. तुझ्या टाक्यांचा नव्हता.

मग डोकं चालायला लागलं. जागा बदलली तरी हँग व्हायचं ते कुकरची वाफ जिरेपर्यंतच. म्हणजे जागेचा प्रश्न नाही, वेळाचा आहे. आणि लगेच परत लावलं की लवकर मरायचं, रात्रभर विश्रांती मिळाली की सकाळी थोडं जास्त चालायचं. अशी चाल कुणाची असते? तापलेल्याची. मी सीपीयूच्या डब्याला हाताची मागची बाजू लावली आणि चटकन काढली. एवढा गरम डबा, आणि त्यातून आवाज काहीच नाही. इथे मला माझीच लाज वाटली. रेंडर लागला की आतला पंखा घरघरायला लागतो, शेजारी विचारतात पिठाची गिरणी टाकली का. ती घरघर कधीपासून नव्हती, हे मला ठाऊकच नव्हतं, कारण मी दिवसभर कानाला हेडफोन लावून बसते. तू शिवताना रेडिओसुद्धा लावू द्यायची नाहीस. कान मशीनकडे ठेव, म्हणायचीस, पाय आपले आपण चालतात.

डब्याचं बाजूचं पत्र्याचं झाकण स्क्रू काढून उघडलं, आणि आत काय असेल? झेंडू! दसऱ्याचा झेंडू. पंख्याच्या आसाला हाराचा दोरा गरगर गुंडाळून घट्ट बसलेला, त्यात सुकलेल्या पाकळ्या अडकलेल्या, वर हळदीची पूड. बिचारा पंखा सुरुवातीला जेमतेम अडखळत फिरत असणार आणि जोर लागला की थांबत असणार. मग प्रोसेसर तापायचा आणि जागच्या जागी थिजायचा. मला सगळं डोळ्यांसमोर आलं. तुझ्या दसऱ्याला मशीन पुसून, तेल घालून, हळदकुंकू लावून, हार घालून ठेवलेलं असायचं आणि दिवसभर कुणी त्याला हात लावायचा नाही. एकदा एका नवरीची आई दारात येऊन हातापाया पडली, तरी तू म्हणालीस, आज मशीनचा दिस हाय, आज ती नाय शिवनार. आणि मी? गरमीचं म्हणून डब्याचं झाकण काढून ठेवलेलं, आत मावशींच्या घरच्या जुन्या कॅसेटी उतरवणं चालू, आणि त्या चालत्या मशीनला मी वरून हार घातला, आरती ओवाळली, पेढा ठेवला. हाराचं शेपूट आत लोंबलं आणि पंख्यानं ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी हार काढताना तो हिसका देऊन तुटला, तेव्हा मला वाटलं स्क्रूला अडकला असेल. पाकळ्या पडतात म्हणून वर झाकणही लावून टाकलं, म्हणजे पुरावाच गाडला. पूजा तुझी घेतली आणि सुट्टी विसरले. कॉम्प्युटरवाल्याला त्याच्या दुकानातून पडदा दिसत होता, त्याला माझा देव्हारा कसा दिसणार?

तुझी कात्री माझ्या खणात असते. मशीनचं बटण बंद केलं, वायर काढली, आणि दोऱ्याचा एकेक वेढा कातरत गेले, पातं न दुखवता. पाकळ्या चिमटीनं वेचल्या. मग बोटानं पंखा जरा मागे, जरा पुढे फिरवून पाहिला, तू चाक फिरवायचीस तसा. सुटा झाला. ब्रशने हळद झाडली, फिल्मचे भाग पुन्हा जागच्या जागी आणले, झाकण लावलं, हेडफोन लांब ठेवला आणि रेंडर लावला. थोड्याच वेळात घरघर सुरू झाली. एवढा गोड आवाज मी कुठल्या बँडचा ऐकला नाही. या वेळी मी कुकर लावला नाही, पडद्यासमोर मांडी घालून बसले. पट्टी सरकत सरकत ड्रेसपाशी आली. मी आणखी पुढे सरकले. घेर उलटला, टाके आले, टाके गेले, फोटो आला, आणि पट्टी आपली पुढे चालतेच आहे. "गेली!" अशी मी बोंब मारली की शेजारच्या वहिनी दारात आल्या, काय झालं, लॉटरी लागली का म्हणून. मी म्हटलं, त्याच्याहून मोठं. पट्टी शेवटपर्यंत भरली आणि मी त्यांना पेढा दिला, जो मशीनपुढे ठेवलेला होता तोच. दसऱ्याचा होता, जरा कडक झाला होता.

आता रविवार. अंगणात मांडव, दिव्यांच्या माळा, पुढच्या रांगेत मावशी आणि काका खुर्च्यांवर, त्यांच्या मागे गावातल्या त्यांच्या वयाच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून बसलेल्या. मी मागे लॅपटॉपपाशी उभी. फिल्म चालू होते, लोक ओळखीची माणसं दिसली की हाका मारतात, हसतात. माझं त्यात लक्ष नाही. एवढी भांडून ठेवलेली ती क्लिप आता येणार, आणि मला अचानक भीती वाटते की मी हे काय करून बसले. घरातल्या दारामागची तुझी गोष्ट मी मांडवाएवढी मोठी करून सगळ्या गावासमोर लावते आहे. उद्या कुणी म्हणालं, आमच्या चर्चच्या ड्रेसला हळद कुणी लावली, तर? पुढच्याच रांगेत त्यांच्या चर्चचे फादर बसलेले. पडद्यावर घेर उलटतो. तुझे टाके एकेका पपनसाएवढे दिसतात. आणि त्या म्हाताऱ्या बायकांच्या रांगेतून एकजण ओरडते, "अगे, तो बघ टाका! तिचा टाका!" दुसरी म्हणते, "माझ्या ड्रेसलापण आहे!" तिसरी उभी राहून टाळ्या वाजवायला लागते, आणि सगळी रांग हसत टाळ्या वाजवते. मला काही कळेना.

फिल्म संपल्यावर मी मावशींकडे गेले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाय, बरं केलंस तो टाका दाखवलास. आम्ही सगळ्या पोरी ड्रेस घरी आला का पहिला घेर उलटा करून बघायचो. आत पिवळा टाका असला म्हणजे ड्रेस त्या नायगावच्या बाईनं शिवलेला. तिच्या हातचा ड्रेस घातला ती पोरगी सुखात नांदली, असं म्हणायचे. एकदा माझ्या बहिणीच्या ड्रेसला टाका नव्हता, तर माझ्या आईने तो परत पाठवला. दुकानवाल्याला सांगितलं, त्या बाईकडूनच पाहिजे." मी विचारलं, मावशी, ती हळद आहे हे तुम्हाला ठाऊक होतं? त्या माझ्याकडे बघून अशा हसल्या की मीच वेडी ठरले. "हळद आमच्यापण घरी लागते गे, लग्नाआधी. पण त्या पांढऱ्या ड्रेसला कोण लावणार? तिने लावली. आम्ही फक्त फादरना सांगितलं नाही." आणि मग त्यांनी विचारलं, ती बाई कोण होती तुला माहीत आहे का. आई, मी माईक हातात नसताना एवढ्या मोठ्याने बोलले की जेवणाच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. मी म्हटलं, "ती माझी आई!"

तर हे तुझ्या कुरकुरीचं उत्तर. मालक पांढरे ड्रेस तुझ्या गळ्यात मारत नव्हता. सगळ्या वसईच्या नवऱ्यामुली तुझं शिवण मागून घेत होत्या, आणि तू इकडे कडी लावून, आम्हाला वरण-भातावर बसवून, आपण मोठी चोरी करतो आहोत असं समजत होतीस. त्याच रात्री तीन जणींनी मला सांगितलं, घरी ये, आमच्या ट्रंका उघडू; त्यांनाही फिल्म हवी आहे. मावशींच्या मुलाने येऊन सांगितलं, "मॅडम, बरं झालं तुम्ही ऐकलं नाही माझं." मी म्हटलं, मी मशीनचं ऐकलं.

हे लिहिते आहे तेव्हा शेजारी दुसऱ्या एका लग्नाचा रेंडर चालला आहे. हेडफोन खुंटीला आहे, पंखा घरघरतो आहे. पुढच्या दसऱ्याला मशीनला हार घालणार आणि दिवसभर बंद ठेवणार, दारात नवरी आली तरी. हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं, कारण शेवटी एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. एवढा महिनाभर मी फिल्म बेतली, जोडली, हँग झालेलं मशीन उघडून उभं केलं, आणि मांडवात टाळ्या वाजल्या त्या तुझ्या तीन टाक्यांना. माझ्या जोडकामाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आई, मला तुझा थोडा हेवा वाटला. अजून वाटतो.